घोट्याच्या ऑपरेशननंतर: एक्स-रेत काय विचारायचं, पाय कसा वळता करायचा

मोडलेल्या घोट्याचं ऑपरेशन होऊन माझ्याकडे फिजिओथेरपीला येणारे बहुतेक पेशंट एक्स-रे पुढे करून विचारतात, "हाड जुळलं ना?" मी म्हणते, आधी ते नीट बसलंय का, हे सर्जनना विचारा. वाकडं बसलेलं हाडही जुळतंच.

नडगीचं हाड आणि त्याच्या बाहेरचं बारीक हाड मिळून एक खाच तयार होते. पावलाचं वरचं हाड, म्हणजे टॅलस, त्या खाचेत बसतं. ते बाहेरच्या बाजूला नुसतं 1 मिलिमीटर सरकलं, तरी सांध्यात एकमेकांना टेकणारा भाग सरासरी 42 टक्क्यांनी कमी होतो, असं रॅमसे आणि हॅमिल्टन यांनी 1976 साली मृतदेहांच्या घोट्यांवर मोजून दाखवलं. सगळा भार उरलेल्या कूर्चेवर, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थरावर, येतो आणि पुढे सांधा झिजतो. म्हणून पाय 15 ते 20 अंश आत वळवून काढलेला एक्स-रे बघताना तीन गोष्टी विचारा. टॅलसभोवतीची फट सगळीकडे सारखी आहे का? बाहेरचं हाड आखूड किंवा फिरलेलं तर राहिलं नाही ना? आणि नडगीचं व बाहेरचं हाड एकत्र बांधणारे लिगामेंट फाटले होते का? फाटले असतील आणि शंका असेल, तर दोन्ही घोट्यांचा सीटी स्कॅन साध्या एक्स-रेपेक्षा जास्त सांगतो.

सुरुवातीला पाय छातीच्या वर राहील इतका उंच ठेवा. नुसता स्टुलावर ठेवून भागत नाही. पाय खाली सोडला की जांभळा पडतो, ते या दिवसांत नेहमीचंच. पण पोटरी दुखून टणक झाली, दम लागला, जखमेतून पू आला किंवा ताप चढला, तर लगेच हॉस्पिटल गाठा.

वजन कधी टाकायचं, हे सर्जन ठरवतील. पूर्वी सरसकट सहा आठवडे थांबवायचे. आता हाड पक्कं बसवलेलं असेल तर काहींना दोन आठवड्यांतच परवानगी मिळते. शेजाऱ्याला मिळाली म्हणून तुम्ही टाकू नका. मधुमेहामुळे पावलाची संवेदना गेली असेल, तर हिशेबच वेगळा.

हालचालीची परवानगी मिळाली की माझा सगळा भर एकाच गोष्टीवर असतो: पाऊल वर, नडगीकडे वळलं पाहिजे. ते वळत नसेल तर चालताना टाच लवकर उचलली जाते, गुडघा मागे ढकलला जातो आणि जिना उतरताना माणूस अंग बाजूला वळवून उतरतो. चवड्याला टॉवेल अडकवून, गुडघा सरळ ठेवून अर्धा मिनिट ओढा. मग गुडघा थोडा वाकवून पुन्हा, कारण पोटरीत दोन स्नायू आहेत आणि आतला तेव्हाच ताणला जातो.

पूर्ण वजन टाकायला लागल्यावर भिंतीची चाचणी करा. भिंतीसमोर पाऊल ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा आणि पाऊल हळूहळू मागे न्या. गुडघा जेमतेम टेकतो तिथे थांबून अंगठा ते भिंत हे अंतर पट्टीने मोजा. तेच चांगल्या पायाचं मोजा. दोन्हींमधला फरक म्हणजे तुमचं उरलेलं काम. इथे बहुतेक जण लबाडी करतात: पावलाची कमान आत पाडतात आणि आकडा वाढवून घेतात. गुडघा अंगठ्याशेजारच्या बोटाच्या रेषेतच जाऊ द्या. मागे ताण जाणवला तर चांगलंच. पुढे सांध्यात चिमटा बसला तर रेटू नका, थेरपिस्टला दाखवा.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. संध्याकाळची सूज कित्येक महिने राहते, तिला घाबरू नका. ब्रेकचा पाय उजवा असतो, म्हणून उजव्या घोट्याचं ऑपरेशन झालं असेल तर सर्जनना विचारल्याशिवाय गाडी चालवू नका. पळायचं असेल, तर आधी एका पायावर टाच उचलून बघा. चांगला पाय जितक्या वेळा उचलतो, त्याच्या जवळपास दुसरा आला की मग पळण्याचं बोलू.