नागपूरच्या लहान, दमट फ्लॅटसाठी गादी आणि पलंग कसा निवडावा

मागच्या वर्षी मारबतीच्या दिवशी, महालक्ष्म्यांच्या आधीची साफसफाई काढली म्हणून आम्ही पलंगावरची गादी उचलली. वरून चादर स्वच्छ, गादी घेऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. खालच्या बाजूला मात्र मोहरीएवढे काळे ठिपके होते. मधोमध दाट, कडेला विरळ, अगदी माणूस आडवा होतो त्या आकाराचे. पलंगाच्या प्लायला हात लावला तर गार आणि ओलसर. वास तर गादी उभी करताक्षणीच आला. पावसाळाभर घरात सकाळी शिंका आणि नाक चोंदणं का चाललं होतं, याचा विचार तेव्हा पहिल्यांदा मनात आला.

नागपूर कोरड्या हवेचं गाव, इथे कसली ओल, असं आपण सगळेच म्हणतो. एप्रिल-मेमध्ये ते खरंही आहे. पण त्याच कोरड्या हवेत आपण कूलर लावतो आणि रोज दोन-तीन बादल्या पाणी त्याच्या टाकीत ओततो. संध्याकाळी टाकी रिकामी असते. ते पाणी हवेतच गेलेलं असतं, आणि दारंखिडक्या बंद असलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत त्याला बाहेर जायला वाट नसते. मग जून ते सप्टेंबर पाऊस. तोवर उकाडा कमी झालेला नसतो, म्हणून कूलर चालूच. त्यात रात्रभर आपला घाम गादीत उतरतो. तीन बाजूंनी ओल येते आणि गादी ती धरून ठेवते.

म्हणून मी एकच गोष्ट आधी सांगते. तुमच्या घरात जी गादी दोन माणसांना सहज उचलून उभी करता येत नाही, ती घेऊ नका. पाठीला आधार, मऊपणा, किंमत हे सगळं त्यानंतर.

पहिलं काम: खोली तपासा

गादी जिथे टेकणार त्या भिंतीवर दीड-दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक-दोन दिवस तसाच राहू द्या. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब जमले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या खिडकीखालची भेग, शेजारच्या बाथरूमचा पाइप, वरच्या गच्चीतली गळती, यांपैकी काहीतरी असणार. ते दुरुस्त केल्याशिवाय नवी गादी आणू नका. थेंब खोलीच्या बाजूला असतील तर खोलीतली हवाच दमट आहे आणि उपाय हवा खेळती ठेवण्याचा आहे.

शक्य असेल तर आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल मीटर घ्या. काही शे रुपयांत मिळतं. पन्नास टक्क्यांच्या आसपास हवा असली तर धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची वाढ रोखली जाते. आकडा आठवडेच्या आठवडे सत्तरच्या वर राहिला तर बुरशीला फावतं.

मग टेप घेऊन मापं. नुसती खोलीची नाही. दार किती उघडतं, अलमारीचं पल्लं उघडायला किती जागा लागते, कूलरची खिडकी कुठे आहे, आणि जिन्याचं वळण केवढं आहे, हे सगळं कागदावर लिहा. बेसा, मनीषनगर, मानेवाडा भागातल्या बऱ्याच फ्लॅट स्कीममध्ये लिफ्ट लहान असते. सहा फुटी रुंद स्प्रिंगची गादी दुमडत नाही, आणि ती चौथ्या मजल्यावर जिन्याने चढवताना कडा तरी फाटतात किंवा आतली चौकट तरी वाकते.

दुसरं काम: पलंग आधी, गादी नंतर

दुकानात बहुतेकजण गादी ठरवतात आणि पलंग जसा असेल तसा. माझ्या मते क्रम उलटा हवा. चांगली गादी खचक्या पलंगावर टाकली तर वर्षभरात तिला पोटासारखा खोलगा पडतो, आणि दोष मात्र गादीला दिला जातो.

लहान घरात बॉक्सचा पलंग हवासा वाटणं स्वाभाविक आहे. रजया, हिवाळ्याचे स्वेटर, पाहुण्यांच्या चादरी ठेवायला दुसरी जागा नसते. पण चारही बाजूंनी बंद असलेल्या बॉक्सवर सपाट प्लाय आणि त्यावर गादी, म्हणजे घामाला खाली जायला रस्ताच नाही. आमच्या ठिपक्यांचं मूळ तिथेच होतं. तरी बॉक्स हवाच असेल तर इतकं करा. वरच्या प्लायला सहा-सहा इंचांवर एक इंच व्यासाची भोकं सुताराकडून पाडून घ्या. बॉक्सच्या बाजूलाही, पायथ्याशी आणि उशाशी, जाळीचे झरोके ठेवा, म्हणजे हवा एकीकडून शिरून दुसरीकडून निघेल. आत सामान कोंबू नका, वर चार बोटं जागा मोकळी सोडा. पावसाळ्यात लोकरीचे कपडे आणि रजया आत ठेवायच्याच असतील तर आधी खडखडीत वाळवून.

जागेची अडचण नसेल तर पायांचा, पट्ट्यांचा पलंग सगळ्यात बरा. पट्ट्या अडीच-तीन इंच रुंद, पाऊण इंच जाड, आणि दोन पट्ट्यांमधली फट अडीच इंचांपेक्षा जास्त नको. फट मोठी असली की फोम तिच्यात उतरतो आणि पाठीला प्रत्येक पट्टी लागते. चार फुटांपेक्षा रुंद पलंग असेल तर मधोमध लांबीला एक आडणी, म्हणजे पट्ट्यांना खालून आधार देणारं लाकूड, आणि तिला जमिनीपर्यंत किमान एक पाय हवाच. पलंग बनवून झाला की उशापासून पायथ्यापर्यंत सुतळी ताणून धरा आणि मध्ये कुणाला तरी बसवा. सुतळी आणि पट्टी यांत बोटभर फट पडली तर पट्ट्या वाढवायला सांगा.

लाकडाचं म्हणाल तर आपण नशीबवान आहोत. आलापल्ली-बल्लारपूरच्या जंगलातलं सागवान देशभर नावाजलेलं आहे आणि लकडगंजच्या लाकूडबाजारात पट्ट्या मापाने कापून मिळतात. सागाचा पिवळसर-तपकिरी गाभा घ्या. पांढुरक्या कडेचं लाकूड स्वस्त पडतं, पण वाळवी पहिल्यांदा तिथेच शिरते. प्लाय वापरणार असाल तर त्यावर आयएस 710 चा शिक्का बघा, ती पाण्याला टिकणारी जात आहे. पार्टिकल बोर्ड कितीही सुंदर दिसला तरी कूलरच्या खोलीत नको. एकदा पाणी लागलं की तो भाकरीसारखा फुगतो आणि स्क्रू धरत नाही. लोखंडी पलंग चालतो, फक्त पावडर कोटिंग असलेला घ्या आणि वेल्डिंगच्या सांध्यांवर गंज दिसतोय का ते वाकून पाहा.

आपल्याकडची बाज हवेला उत्तम. उन्हाळ्यात गच्चीवर तिच्यासारखं सुख नाही. पण रोजच्या झोपेसाठी नाही, कारण दोरी किंवा निवार सैल पडली की कंबर झोळीत जाते.

पलंगाची उंची गादीसकट धरा. कडेला बसल्यावर तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेच्या रेषेत आले पाहिजेत. साधारण अठरा ते वीस इंच. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना बसवूनच माप ठरवा. पलंगाखालून झाडू आणि पोछा आरपार जाईल इतकी जागा ठेवलीत तर उत्तम.

तिसरं काम: गादीच्या आत काय आहे ते विचारा

कापसाची गादी आपल्या विदर्भाची. घाम शोषते, गरम होत नाही, फाटली तर शिवता येते. पण ती ओल तितक्याच आवडीने धरते आणि गोळे होतात. आठवड्याला ऊन आणि वर्षा-दोन वर्षांनी पिंजारी, हे जमणार असेल, गच्चीची किल्ली तुमच्याकडे असेल, तर बिनधास्त घ्या. गच्ची सोसायटीने कुलूपबंद ठेवली असेल तर कापूस घेऊन पस्तावाल.

रबर लावलेल्या काथ्याची गादी दमट खोलीत सगळ्यात कमी त्रास देते. तंतूंमधून हवा फिरते, वजनाला बेताची असते, आधार घट्ट असतो. तिची खोट एकच, काही वर्षांत झोपायच्या जागी दबते. दुकानात तिच्यावर थाप मारून पाहा. भुसा उडाला तर माल हलका आहे.

रीबाँडेड फोम म्हणजे फोमचे तुकडे दाबून केलेला ठोकळा. घट्ट, टिकाऊ, पण जड. साधा पीयू (पॉलीयुरेथेन) फोम घेताना घनता विचारा, ती किलो प्रति घनमीटरमध्ये सांगतात. रोजच्या वापराला 32 च्या खाली जाऊ नका, 40 मिळाला तर छान. लक्षात ठेवा, घनता म्हणजे कडकपणा नाही. घनता सांगते गादी किती टिकेल, कडकपणा हातानेच कळतो. दोन्ही गोष्टी दुकानदार एकाच शब्दात सांगतात, म्हणून वेगवेगळं विचारा.

मेमरी फोमबद्दल मी सावध आहे. तो उष्णतेने मऊ होतो आणि थंडीने आखडतो. मेअखेरच्या नवतप्यात पारा 45-46 वर जातो, तेव्हा तो अंगाभोवती रुततो, आणि डिसेंबरच्या रात्री तोच पाटासारखा लागतो. हवाच असेल तर वरचा इंचभर थर पुरे. लॅटेक्सला, म्हणजे रबराच्या फोमला, छिद्रं असतात, त्यामुळे हवा बरी खेळते, आधारही छान, पण किंमत आणि वजन दोन्ही भारी. स्प्रिंगची गादी आतून पोकळ असते म्हणून गरम होत नाही, पण ओल सतत राहिली तर तारा गंजतात आणि गादी उचलायला चार माणसं लागतात.

माझी निवड सांगायची तर चार इंच काथ्या किंवा रीबाँडेड, त्यावर एक-दोन इंच चांगला फोम किंवा लॅटेक्स, एकूण पाच ते सहा इंच, वर सुती कापडाचं खोळ आणि त्याला चेन.

चौथं काम: दुकानात आडवे व्हा

"भाऊ, ही ऑर्थोवाली आहे, पाठीसाठी एकदम कडक," असं ऐकायला मिळेलच. ऑर्थो हे विक्रीसाठी दिलेलं नाव आहे, त्यावरून गादीची पारख करू नका. आणि पाठदुखीला जितकी कडक तितकी चांगली, ही समजूतही सोडा. 2003 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता. जुनी कंबरदुखी असलेल्या 313 जणांना कडक किंवा मध्यम कडक गादी दिली होती. तीन महिन्यांनी मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम होता.

चप्पल काढा, तुम्ही घरी जशी उशी घेता तशीच मागा, आणि निदान दहा-पंधरा मिनिटं झोपा. उताणे झोपून कंबरेखाली तळहात सरकवा. हात सैल आरपार गेला तर गादी तुम्हाला जास्त कडक आहे. मुळीच शिरला नाही आणि वळायला जोर लागला तर जास्त मऊ. थोडा अडखळत शिरला तर बरोबर. मग नेहमीच्या कुशीवर वळा आणि सोबतच्या माणसाला मागून पाहायला सांगा. मान ते माकडहाड रेघ सरळ दिसली पाहिजे. कुशीवर झोपणाऱ्यांना खांदा थोडा रुतेल इतका मऊपणा लागतो. वजन जास्त असेल तर गादी जरा कडक घ्या.

उठल्यावर ती गादी सोबतच्या माणसाबरोबर उचलून उभी करा. दुकानदार हसला तरी चालेल.

पाचवं काम: माप

लांबी तुमच्या उंचीपेक्षा सहा इंच जास्त. साडेपाच फुटांच्या माणसाला 72 इंच चालते, त्याहून उंच असाल तर 75 किंवा 78. जोडप्यासाठी 78 बाय 72 ची एकच गादी घेण्याऐवजी 78 बाय 36 च्या दोन घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. जिन्यातून चढतात, गॅलरीत उभ्या राहतात, एकाला कडक आणि एकाला मऊ हवी असेल तर तेही होतं. पाहुणे आले की एक खाली टाकता येते. मधली फट एका मोठ्या चादरीने झाकली जाते.

घरी आल्यावर

गुंडाळून आलेली फोमची गादी दोन दिवस पंख्याखाली मोकळी ठेवा, वास जातो आणि ती पूर्ण फुलते. प्लास्टिक त्याच दिवशी काढून टाका. नवी राहावी म्हणून महिनोन्महिने प्लास्टिकवर चादर टाकून झोपणारी घरं मी पाहिली आहेत, आणि आतली गादी दरवळताना पण. रेक्झिनच्या खोळीचंही तेच. लहान मूल असेल तर वरून सुती आणि आतून पातळ जलरोधक थर असलेलं प्रोटेक्टर घ्या.

पलंग भिंतीपासून तीन-चार इंच दूर. कूलरचा झोत गादीवर सरळ नको, आणि समोरचं दार किंवा खिडकी उघडी हवी. पावसाळ्यात कूलरचा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवा.

सकाळी उठल्याबरोबर अंथरूण नीट लावून टाकू नका, अर्धा तास चादर बाजूला सारून पंखा चालू ठेवा. पंधरा दिवसांनी गादी उभी करा, खालची बाजू हाताने चाचपा. कापूस आणि काथ्याला ऊन द्या. फोम आणि लॅटेक्सला कडक ऊन देऊ नका, त्याने ते पिवळे पडून भुगा होऊ लागतात. त्यांना सावलीत, वाऱ्यावर ठेवा. दर तीन महिन्यांनी उसं पायथ्याला फिरवा, दोन्ही बाजूंनी वापरायची असेल तर उलटाही.

काही कंपन्या ऑनलाइन शंभर रात्रींची चाचणी देतात. ती घेणार असाल तर जुलैच्या सुरुवातीला मागवा, म्हणजे पावसाळ्याचे बहुतेक दमट दिवस त्या शंभर रात्रींत येतील. वॉरंटीचा कागद वाचताना दोन ओळी शोधा. किती इंच दबल्यावर गादी बदलून देणार, आणि कोणत्या प्रकारच्या पलंगावर ठेवली तरच देणार. आधी भोकांचा किंवा पट्ट्यांचा पलंग सांगून त्यांच्याकडून लेखी होकार घ्या, मग पैसे द्या.