‘दूध पुरत नाही’ म्हणण्याआधी: पहिल्या महिन्यांतल्या या चुका टाळा

संध्याकाळी सहाला सुरू झालेलं रडणं रात्री अकरापर्यंत चालू असतं, पाजून अर्धा तास होत नाही तोच बाळ पुन्हा मूठ चोखायला लागतं, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "अगं, पुरत नाहीये त्याला. डबा आणूया." पुढचे बरेच घोळ इथूनच सुरू होतात.

रडण्यावरून दुधाचा हिशेब करायचा नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा सहाव्या आठवड्याच्या सुमारास बाळं एकाएकी सारखी प्यायला मागतात, दोन-तीन दिवस मागतात आणि मग आपोआप शांत होतात. मागणी वाढली की दूध वाढतं, ते असं. छाती मऊ लागणं किंवा पंपाने थोडंच दूध निघणं, यावरूनही काही ठरत नाही. नीट पिणारं बाळ पंपापेक्षा जास्त दूध ओढतं.

बघायच्या गोष्टी दोनच, शू आणि वजन. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा, फिकट रंगाची शू होत असेल तर दूध पोटात जातंय. डायपरमध्ये हे मोजता येत नाही, म्हणून शंका असेल तर एक दिवस सुती लंगोट बांधा. शीची मात्र उगाच धास्ती घेतली जाते. दीड महिन्यानंतर फक्त अंगावर पिणारं बाळ चार-पाच दिवस शी करत नाही, आणि ती मऊ होत असेल, बाळ खुशीत असेल, तर तो बद्धकोष्ठ नव्हे.

वजनाबाबत पहिला धक्का चौथ्या दिवशी बसतो. तीन किलोचं बाळ 2 किलो 800 ग्रॅम भरतं आणि घर हादरतं. खरं तर सुरुवातीच्या दिवसांत जन्मवजनाच्या सात-आठ टक्क्यांपर्यंत घट अपेक्षितच असते. ती दहा टक्क्यांकडे गेली किंवा दोन आठवड्यांत वजन परत जन्माइतकं झालं नाही, तर डॉक्टरांना दाखवायचं. त्यानंतर पहिले तीन महिने आठवड्याला साधारण 150 ते 200 ग्रॅम वाढ दिसावी. मग वेग कमी होतो, आणि पाच-सहा महिन्यांत वजन दुप्पट होतं.

पण हे मोजायचं एकाच काट्यावर, कपडे काढून. आज दवाखान्यात, उद्या मेडिकलमध्ये, परवा बाळाला कडेवर घेऊन घरच्या काट्यावर, असं केलंत तर पाव किलोचा फरक नुसत्या काट्यांचाच निघू शकतो. रोज मोजण्यातही अर्थ नाही. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन वजन करतात, तेही फुकट. माता-बाल संरक्षण कार्डावरच्या तक्त्यात ते आकडे भरून घ्या. बाळाची रेघ शेजारच्या गुटगुटीत बाळापेक्षा खाली असली तरी चालेल, ती वर चढत राहिली पाहिजे. आडवी झाली किंवा खाली वळली, की मगच काळजी.

वजन खरंच अडलं असेल तर डब्याकडे वळण्याआधी पाजताना कुणा जाणत्या नर्सला समोर बसवून बघायला सांगा. बहुतेक वेळा बाळाने नुसतं बोंड तोंडात घेतलेलं असतं. तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी छातीला टेकलेली, बोंडाभोवतीचा काळा भाग खालच्या बाजूने जास्त आत गेलेला, आणि चोखण्यामध्ये गिळल्याचा आवाज, असं दिसायला हवं. डोकं मागून दाबू नका, दाबलं की बाळ उलट मान मागे टाकतं. पाजून झाल्यावर बोंड चपटं दिसत असेल, चिरलं असेल, तर पकड चुकली आहे. "पहिल्यांदा दुखतंच" म्हणून सोसत राहू नका.

घड्याळ लावून दहा-दहा मिनिटांनी बाजू बदलणंही थांबवा. शेवटी येणारं दूध जास्त स्निग्ध असतं, तेच राहून जातं. एक बाजू बाळाने आपणहून सोडली की दुसरी द्या. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं किंवा 37 आठवड्यांआधी जन्मलेलं बाळ मात्र भूक लागूनही झोपून राहतं. "किती शहाणं आहे, रडतच नाही" असं कौतुक ज्याचं होतं, नेमकं तेच दर दोन-तीन तासांनी उठवून पाजावं लागतं.

आणि रात्र. सासूबाई प्रेमाने म्हणतात, "तू झोप, मी बाटली देते." पण दूध तयार करणारं संप्रेरक रात्रीच जास्त असतं. ते पाजणं चुकलं की दूध कमी होतं, मग दिवसाही वरचं लागतं, आणि असं करत महिन्याभरात अंगावरचं सुटतं. आईला झोपू द्यायचंच असेल तर रात्री पाजल्यानंतर बाळाला ढेकर काढायला, लंगोट बदलायला दुसऱ्या कुणी घ्यावं. डॉक्टरांनी वरचं सांगितलंच, तर वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्या, आणि त्याच वेळी आईने हाताने किंवा पंपाने दूध काढत राहावं.

डब्याच्या दुधात सर्रास होणारी चूक मापाची. महाग आहे म्हणून एक चमचा कमी, बाळ बारीक आहे म्हणून एक जास्त. पातळ दुधाने वजन अडतं, घट्ट दुधाने पोट आणि मूत्रपिंडावर ताण येतो. डब्यातलाच चमचा, सपाट भरलेला, आणि डब्यावरचंच प्रमाण. पाणी आधी, पावडर नंतर. गाईचं दूध पाणी घालून देणं तर नकोच, वर्षाआधी ते मुख्य दूध म्हणून चालत नाही.

नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यातही सहा महिन्यांपर्यंत वेगळं पाणी लागत नाही. आईच्या दुधात ते भरपूर असतं, फक्त पाजणं वाढवा. मध वर्षाआधी चाटवूही नका, त्यातून बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. गुटीचा प्रश्न नाजूक आहे. सहाणेवर वेखंड, जायफळ किती वेढे उगाळलं यावर डोस ठरतो, तो कधीच सारखा नसतो, आणि गुंगी आलेलं बाळ पिणं चुकवतं. आजीशी घरात वाद घालण्यापेक्षा तिला लसीकरणाला सोबत न्या आणि डॉक्टरांना तिच्यासमोरच विचारा. मालीश तिच्याकडेच राहू द्या, ती तिला तुमच्यापेक्षा चांगली जमते. त्याच भेटीत ड जीवनसत्त्वाच्या थेंबांचंही विचारून घ्या, ते रोज 400 युनिट द्यायचे असतात.

आळीव, डिंक, मेथी आईने आवडीने खावी. पण बाळाने प्यायल्याशिवाय नुसत्या लाडवांनी दूध वाढत नाही. तहान लागेल तेवढं पाणी आणि नेहमीचं पोटभर जेवण तिला मिळायला हवं. बाळंतिणीला भाजी-डाळ तोडून कोरडं खायला घालणं अजूनही कुठेकुठे चालतं, ते बंद करा.

थांबायचं नाही असे प्रसंगही आहेत: तीन महिन्यांच्या आत 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, हिरवी उलटी, दर पाजण्यानंतर जोरात लांब उडणारी उलटी, आठ तास शू नाही, पांढरट शी, किंवा पिणं सोडून मलूल पडलेलं बाळ. यात सकाळची वाट न बघता थेट दवाखाना गाठा.