सागवानी डेकची निगा: या चुका टाळा

समुद्राने खराब झालेला सागवानी डेक मी क्वचितच पाहिलाय. साफसफाईने खराब झालेले डेक मात्र दर मोसमात बघतो. गेटवेसमोर नांगरलेल्या बोटी असोत, मांडव्याच्या असोत की गोव्यात मांडवीतल्या, चुका त्याच असतात आणि त्यांच्या मुळाशी घाई असते.

सगळ्यात आधी रंगाचं बोलू. ऊन आणि खारं पाणी लागलं की सागवान करडं पडतं. रंग जातो तो फक्त वरच्या पातळ थराचा, खालचं लाकूड शाबूत असतं. त्या करड्या रंगाला मळ समजू नका. नव्या मालकाला मात्र जाहिरातीतला सोनेरी डेक हवा असतो, तोही येत्या शनिवारपर्यंत. फायबरच्या बोटीवर सागवानाच्या पट्ट्या नव्या असताना साधारण ८ ते १२ मिलिमीटर जाड असतात. जुन्या पद्धतीच्या डेकमध्ये त्या जाडीच्या निम्म्यावर स्क्रूचं डोकं बसलेलं असतं आणि त्यावर सागवानाचं गोल बूच. म्हणजे घासून घालवायला बोटीच्या सबंध आयुष्यात फार तर तीन-चार मिलिमीटर लाकूड तुमच्या हाती असतं.

प्रेशर वॉशर

हे यंत्र डेकवर आणूच नका. सागवानात मऊ आणि कठीण थर आलटून-पालटून असतात. पाण्याचा जोरदार फवारा मऊ थर खणून काढतो आणि कठीण थर उंचवट्यांसारखे उभे राहतात. त्यांच्यामधल्या खाचांत धूळ, तेल आणि बुरशी साठते, त्यामुळे डेक आधीपेक्षा लवकर काळा पडतो.

मांडव्याला एक चाळीस फुटी शिडाची बोट होती. युरोपातून वापरलेली आणलेली, पण डेक चांगला राखलेला. मालकाकडे एकतीस डिसेंबरला पाहुणे यायचे होते. त्याने सोसायट्यांच्या फरशा धुणारी पोरं यंत्रासकट बोलावली. बोटीचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, जुना माणूस. तो म्हणाला, "साहेब, हे लाकूड आहे, लादी नाही." त्याचं कोणी ऐकलं नाही. फवारा मारून झाल्यावर वर दोन बाटल्यांचं क्लीनरही लावलं. डेक सोन्यासारखा दिसला आणि पाहुण्यांनी फोटो काढले. होळीपर्यंत लाकूड खरखरीत झालं, अनवाणी चालताना कुसळं टोचू लागली. मग ते सपाट करायला सँडर, म्हणजे लाकूड घासायचं यंत्र, फिरवला. आणखी लाकूड गेलं, बुचं कागदासारखी पातळ झाली. पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर चढवलेली असताना बुचं एकेक करून उडाली आणि स्क्रूच्या भोकांतून पाणी खाली उतरलं. त्या बोटीच्या फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्साचं हलकं लाकूड होतं. ते पाणी प्यायलं. गणपतीनंतर मी डेकवर प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत फिरलो, तेव्हा मास्टपासून (डोलकाठीपासून) कॉकपिटपर्यंत, म्हणजे सुकाणूच्या जागेपर्यंत, बद्द आवाज येत होता, म्हणजे आतलं लाकूड कुजलं होतं. सगळं सागवान उपटावं लागलं. नवं बसवायचं तर चांगलं बर्मी सागवान आता सरळ मिळत नाही. २०२१ मध्ये अमेरिका आणि युरोपीय संघ या दोघांनीही म्यानमारच्या सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध घातले. अखेर मालकाने फायबरवर साधा न घसरणारा रंग मारून घेतला. एका रात्रीच्या पाहुण्यांपायी एक उत्तम डेक गेला, याचं मला अजून वाईट वाटतं.

रेषांच्या दिशेने घासणं

सुतार रंधा लाकडातल्या रेषांच्या दिशेने मारतो, म्हणून ब्रशही तसाच मारावा असं लोकांना वाटतं. डेकवर हे उलटं आहे. रेषांच्या दिशेने ब्रशचे केस मऊ थरात शिरून तो ओढून काढतात. ब्रश नेहमी रेषांना आडवा मारा, केस मऊ ठेवा आणि जोर लावू नका.

"पूर्वीचे खलाशी तर दगडाने डेक घासायचे," असं कोणी तरी हमखास सांगतं. घासायचे, खरं आहे. पण ते डेक पट्ट्यांचे नव्हते, जाडजूड फळ्यांचे होते. मुंबईच्या गोदीत वाडिया या जहाजं बांधणाऱ्या घराण्याने मलबारी सागवानातून बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरलं आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. एवढं लाकूड असलेल्या जहाजाच्या सवयी दहा मिलिमीटरच्या पट्टीला लावू नयेत. शिवाय दगडाने घासून डेक फार लवकर झिजतात आणि दुरुस्तीचा खर्च परवडत नाही, म्हणून अमेरिकी नौदलानेही १९३१ मध्ये ती प्रथा फक्त डाग काढण्यापुरती ठेवण्याचा आदेश काढला.

माझी पद्धत साधी आहे. संध्याकाळी समुद्राच्या पाण्याच्या बादल्या, मऊ ब्रश आणि आडवे हात. मिठामुळे लाकडात ओल टिकते, पट्ट्या आक्रसत नाहीत आणि बुरशी कमी धरते. मुंबई बंदरातलं पाणी मात्र तेलकट असतं, म्हणून बादल्या कुलाब्याच्या टोकाजवळच्या प्रोंग्ज दीपस्तंभाच्या बाहेर गेल्यावरच भरून घ्या. साबण लागलाच तर भांड्यांचा, थेंबभर.

ॲसिड आणि तेल

दोन बाटल्यांच्या क्लीनरमध्ये बहुधा आधी तीव्र अल्कली आणि मग ॲसिड असतं. ते मऊ थर खातं, पट्ट्यांमधल्या सांध्यांत भरलेला रबरासारखा सीलंटही खातं. हिरवं-काळं साचलं असेल तर मी पातळ ऑक्झॅलिक ॲसिड वापरतो, तेही क्वचित आणि भरपूर पाण्याने धुऊन. ब्लीचिंग पावडर तर नकोच.

सागवानी तेलाबद्दल माझं मत ठाम आहे: लावू नका. आपल्या दमट हवेत ते काही आठवड्यांत चिकट होतं, धूळ धरतं, बुरशीने काळं पडतं. मग ते काढायला पुन्हा क्लीनर, म्हणजे पुन्हा लाकूड जाणार. सागवानाचं स्वतःचं तेल त्याला पुरतं.

तारेची घासणी कधीच नको. तिचे तुकडे लाकडात अडकून गंजाचे डाग पडतात.

डिझेल किंवा रश्शाचं तेल सांडलं तर घासू नका. लगेच मुलतानी माती टाका, तेल शोषू द्या, मग साबणाने हलकं धुवा.

सांधे भरताना

इथली चूक दिसत नाही, म्हणून जास्त महाग पडते. सांधा उचकटलेला दिसला की लोक जुन्या सीलंटवरच नवा भरतात, तोही बाथरूमचा सिलिकॉन. तो डेकवर टिकत नाही आणि त्याचा अंश राहिला तर त्यावर पुढचं काही चिकटत नाही.

आधी सुटलेला सांधा शोधा. सकाळी डेक पूर्ण ओला करा आणि वाळताना बघत बसा. बाकी लाकूड सुकलं तरी ज्या सांध्याच्या कडेला ओली रेघ राहते, तिथे सीलंट सुटलाय. तेवढाच भाग लाकूड दिसेपर्यंत रिकामा करा, कडा ॲसिटोनने पुसा, कारण सागवानाचं तेल सीलंटला धरू देत नाही. खाचेच्या तळाला सीलंट चिकटणार नाही अशी बारीक पट्टी टाका. पट्ट्या फुगतात-आक्रसतात तेव्हा सीलंटला फक्त दोन बाजूंमध्ये ताणता आलं पाहिजे. तळालाही चिकटला तर तो ताणू शकत नाही आणि कडेने फाटतो. डेकसाठीचा काळा पॉलिसल्फाइड सीलंट उन्हं उतरल्यावर भरा. सकाळी भरला तर लाकूड तापत जातं, आतली हवा फुगते आणि सीलंटमध्ये बुडबुडे येतात. तो थोडा वर येईल इतका भरा आणि पूर्ण घट्ट झाल्यावरच धारदार पटाशीने कापा. बोट लावून किती घट्ट झालाय ते बघत बसू नका.

पावसाळ्यातलं झाकण

मे महिन्यात बोट वर काढली की निळी प्लास्टिक ताडपत्री डेकला चिकटवून बांधतात. खाली चार महिने हवा फिरत नाही आणि सप्टेंबरात सगळा डेक काळा निघतो. मधे आडवा बांबू टाकून झाकण उंच करा, दोन्ही टोकं उघडी ठेवा आणि पाण्याच्या निचऱ्याची भोकं पानं-कचऱ्याने तुंबलेली नाहीत ना, हे दर पंधरवड्याला जाऊन बघा. रखवालदाराला फोन करून विचारू नका, स्वतः जा.