सिगअबॉर्टचा २२ की ६? विंडोज पोर्टचा अनुभव

पर्वरीच्या ऑफिसात लिनक्सवरचा प्रोग्राम मिनजीडब्ल्यू या कंपायलर-साधनाने विंडोजसाठी बिल्ड करत होतो. अडलं ते सिग्नलच्या आकड्यांवर. सिग्नल म्हणजे चालू प्रोग्रामला मिळणारा इशारा, प्रत्येकाला एक आकडा; सिगअबॉर्ट हा प्रोग्राम मध्येच बंद पाडतानाचा. गंमत अशी, की हेडर (व्याख्यांच्या फाइली) इन्क्लूड करायचा क्रम बदलला की कंपायलरची तक्रारही बदलायची. लिनक्सची नावं विंडोजवर पुरवणाऱ्या कम्पॅटिबिलिटी लायब्ररीचा हेडर आधी आला तर सिगअबॉर्ट 'रीडिफाइन्ड', म्हणजे पुन्हा व्याख्या. सिस्टिमचा आधी आला तर स्विचमध्ये 'डुप्लिकेट केस व्हॅल्यू', म्हणजे एकच आकडा दोनदा.

लायब्ररीने लिनक्सचे आकडे सरळ उचलले होते: सिगअबॉर्ट ६, आणि टर्मिनलशी संबंधित सिगटीटीआयएन २१, सिगटीटीओयू २२. विंडोजवर मात्र २१ म्हणजे सिगब्रेक (कंट्रोल-ब्रेकचा सिग्नल) आणि २२ म्हणजे खुद्द सिगअबॉर्ट, म्हणून सिगटीटीओयूशी टक्कर. हे आकडे सगळीकडे सारखे असतात असं धरूनच चालू नये. प्रोग्रामच्या स्वतःच्या वापरासाठीचा सिगयूझर१ लिनक्सवर (एक्स८६) १०, मॅकवर ३०.

सहकारी म्हणाला, "अरे, अनडेफने सिस्टिमची व्याख्या पुस आणि ६ ठेव." पटलं नाही. विंडोजची रनटाइम (प्रोग्राम चालताना वापरतो ती तयार लायब्ररी) २२ धरूनच कंपाइल झालेली आहे, हेडर बदलून तिला काय फरक पडणार?

म्हणून लायब्ररीच्या हेडरमध्ये सर्वांत वर सिस्टिमचा सिग्नल हेडर घेतला, सिगअबॉर्टची आपली व्याख्या काढून टाकली, आणि विंडोजकडे जे सिग्नल नाहीतच त्यांना इफ-एन-डेफच्या ('आधी व्याख्या नसेल तरच') आत १०० च्या पुढचे आकडे दिले. ते फक्त कंपाइल होण्यापुरते. विंडोजचं सिग्नल फंक्शन ते स्वीकारत नाही, म्हणून तिथे हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारं फंक्शन) लावायचा कोडही वगळला. आणि हा प्रोग्राम लिनक्स सर्व्हरशी बोलताना आता आकड्याऐवजी सिग्नलचं नावच पाठवतो.