यकृत प्रत्यारोपणानंतर रक्ताच्या गुठळ्या टाळण्यासाठी घरच्यांनी घ्यायची काळजी

यकृत प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या घरच्यांना सुरुवातीच्या दिवसांत भीती वाटते ती रक्तस्रावाची, आणि ती अनाठायी नाही. परंतु त्याच दिवसांत नव्या यकृताच्या रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोकाही सर्वाधिक असतो, याची कल्पना पुष्कळांना नसते. अमेरिकेतील डेन्व्हर येथे १९६३ मध्ये डॉ. थॉमस स्टार्झल यांनी माणसावर पहिले यकृत प्रत्यारोपण केले, तेव्हा तो रुग्ण रक्तस्रावाने दगावला. त्यानंतरच्या रुग्णांना रक्त गोठावे म्हणून औषधे दिली, तर गुठळ्या फुप्फुसांत जाऊन अडकल्या. आजचे उपचारही याच दोन धोक्यांमधून वाट काढत असतात.

रिपोर्टमध्ये आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) वाढलेला आणि प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) कमी दिसल्या, की ‘रक्त पातळ आहे, म्हणजे गुठळी होणार नाही’ असा समज होतो. तो चुकीचा आहे. रक्त गोठवणारे घटक यकृत तयार करते, तसेच रक्त नको तेथे गोठू न देणारे प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिन हे घटकही यकृतातच तयार होतात. यकृत दुबळे असते तेव्हा दोन्ही बाजू कमी पडतात आणि आयएनआर त्यांपैकी एकाच बाजूचे मोजमाप करतो.

सर्वांत घातक गुठळी यकृताच्या धमनीतली. प्रत्यारोपित यकृताच्या पित्तनलिकांना रक्त पुरवणारी हीच एक वाट असल्यामुळे ती बंद झाली, तर नलिका सडू लागतात आणि काही वेळा दुसरे प्रत्यारोपण करावे लागते. प्रौढांमध्ये हे शंभरात साधारण दोन ते पाच जणांच्या बाबतीत घडते, लहान मुलांमध्ये अधिक. आपल्याकडे बहुतेक प्रत्यारोपणे जिवंत दात्याच्या यकृताचा भाग घेऊन होतात आणि त्यातली धमनी अनेकदा जेमतेम दोन-तीन मिलिमीटर रुंद असते, म्हणून ती भिंगाखाली किंवा सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या चर्चेत काही गोष्टी आपणहून सांगाव्यात: पूर्वी पोर्टल शिरेत (आतड्यांकडून यकृताकडे रक्त आणणाऱ्या शिरेत) किंवा पायात गुठळी झाली होती का, बड-कियारी (यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा बंद होणे) हा आजार आहे का, घरात कोणाला कमी वयात गुठळ्या झाल्या का, वारंवार गर्भपात झाले का, संप्रेरकांच्या गोळ्या चालू आहेत का. यांवरून नंतरच्या औषधांची मात्रा आणि मुदत ठरते. विडी-सिगारेट मात्र कायमची बंद व्हायला हवी, कारण धूम्रपान आणि धमनीतली गुठळी यांचा संबंध आढळलेला आहे. मशेरी, गुटखा चालेल का, असे विचारले जाते. निकोटिन त्यांतूनही शरीरात जाते आणि रक्तवाहिन्या आकुंचित करते, म्हणून उत्तर नाही असेच आहे.

रुग्णालयात पहिले काही दिवस रोज डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांतला प्रवाह दाखवणारी तपासणी, होते. ‘कालच केली, आज पुन्हा कशाला?’ असे म्हणून ती टाळू नये. धमनीतला प्रवाह मंदावल्याचे वेळेत कळले, तर शस्त्रक्रियेने किंवा रक्तवाहिनीत बारीक नळी घालून तो पुन्हा सुरू करण्याची संधी असते आणि ही संधी अनेकदा काही तासांचीच असते. रक्तस्राव आटोक्यात असेल आणि प्लेटलेट पुरेशा असतील, तर गुठळी रोखणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शने व पुढे अल्प मात्रेतील ॲस्पिरिन दिली जाते. शेजारच्या खाटेवरील रुग्णाला मिळते ते आपल्याला का नाही, अशी तुलना करू नये, कारण हा निर्णय प्रत्येकाच्या रिपोर्टवर ठरतो. घरच्यांच्या हातात आहे ते चालवणे. परवानगी मिळताच रुग्णाला खुर्चीत बसवावे, चार पावले टाकायला लावावीत आणि पडून असताना पावले वर-खाली हलवायला सांगावीत. पोटरीचे स्नायू हलले, की पायातले रक्त साचत नाही.

घरी आल्यावर ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी अन्य गोळी स्वतःहून बंद करू नये, तसेच चुकलेली मात्रा दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. दातांच्या डॉक्टरांनी ती थांबवायला सांगितली, तर आधी प्रत्यारोपण पथकाला विचारावे. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके रक्तस्राव वाढवतात आणि टॅक्रोलिमससोबत (शरीराने नवे यकृत नाकारू नये म्हणून घ्यायचे औषध) मूत्रपिंडालाही इजा करू शकतात. काढे, लसणाच्या कॅप्सूल, बुरशीवरील औषधे यांपैकी काहीही विचारल्याशिवाय सुरू करू नये. जुलाब-उलट्यांनी शरीरातले पाणी कमी होऊ देऊ नये, कारण त्याने रक्त घट्ट होते. विदर्भ-मराठवाड्यातून तपासणीसाठी मुंबई-पुण्याला येताना दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून पाय मोकळे करावेत.

ताप, कावीळ, गडद लघवी, पोट फुगणे, रक्ताची उलटी किंवा काळी शौच, एकाच पायाला सूज, अचानक धाप किंवा छातीत दुखणे, यांपैकी काहीही दिसले, तर सकाळची वाट पाहू नये. जवळच्या रुग्णालयात जाताना शेवटचा डॉपलर रिपोर्ट आणि औषधांची यादी सोबत न्यावी व तेथूनच प्रत्यारोपण समन्वयकाला फोन लावावा. काही वेळा मात्र धमनी बंद होऊनही त्रास जाणवत नाही, केवळ रक्ततपासणीत एसजीपीटी (यकृताला इजा झाल्यावर वाढणारा घटक) वाढलेले दिसते. म्हणूनच बरे वाटत असले, तरी ठरलेली रक्ततपासणी चुकवू नये.

दात्याकडेही लक्ष असावे. पोटाची मोठी शस्त्रक्रिया त्याचीही झालेली असते, पायात किंवा फुप्फुसात गुठळी त्यालाही होऊ शकते, आणि सगळे घर रुग्णाभोवती असताना त्याला उठवून चालवायला कोणीतरी जवळ हवे.