स्वीडनबॉर्ग यांच्या ‘नव्या मंडळी’तील बायबलच्या शब्दांचे आतले अर्थ कसे वाचावेत

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात येशू सांगतो की सूर्य काळवंडेल, चंद्र प्रकाश देणार नाही, तारे गळून पडतील आणि मग मनुष्याचा पुत्र मेघांवरून मोठ्या वैभवाने येताना दिसेल. शतकानुशतके बहुतेक ख्रिस्ती वाचकांनी हे जगाच्या अंताचे वर्णन मानले. १७५८ साली लंडनमध्ये छापलेल्या ‘स्वर्ग आणि नरक’ या लॅटिन ग्रंथाच्या पहिल्याच परिच्छेदात इमॅन्युएल स्वीडनबॉर्ग यांनी याच ओळी घेऊन सांगितले की येथे सूर्य म्हणजे प्रेमाच्या अंगाने प्रभू, चंद्र म्हणजे श्रद्धेच्या अंगाने प्रभू, तारे म्हणजे चांगल्याचे आणि सत्याचे ज्ञान, मेघ म्हणजे शास्त्राचा वरचा शब्दार्थ आणि वैभव म्हणजे त्या शब्दार्थाच्या आतला अर्थ. हे मान्य केले की प्रभूचे दुसरे येणे आकाशात घडायचे राहत नाही, ते पुस्तकाच्या पानावर घडते. एका ‘मेघ’ या शब्दाच्या अर्थावर पुढे एक अख्खा नवा पंथ उभा राहिला.

स्वीडनबॉर्ग (१६८८–१७७२) हे स्टॉकहोमचे, एका लुथरन बिशपचे चिरंजीव आणि व्यवसायाने स्वीडनच्या खाण मंडळाचे अधिकारी. पन्नाशी उलटल्यावर त्यांना आध्यात्मिक दर्शने होऊ लागली, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्यांनी स्वतः कोणताही पंथ स्थापला नाही. त्यांच्या मृत्यूनंतर, १७८७ साली, लंडनमधल्या वाचकांनी ‘न्यू चर्च’, म्हणजे मराठी बायबलच्या भाषेत ‘नवी मंडळी’, संघटित केली, आणि १७८९ च्या तिथल्या परिषदेला कवी विल्यम ब्लेक आपल्या पत्नीसह हजर होता. पुढे अमेरिकेत तिच्या शाखा झाल्या. या मंडळीचे साहित्य वाचू पाहणाऱ्या मराठी वाचकाला, मग तो श्रद्धेने वाचणारा असो की निव्वळ अभ्यासक, अर्थ कसा लावला जातो ते कळावे, यासाठी हा लेख आहे.

पहिली पायरी: पुस्तक यादीत आहे का ते पाहा

बायबलच्या प्रत्येक पुस्तकाला आतला अर्थ आहे, असे ही मंडळी मानत नाही, आणि नवख्या वाचकाची पहिली चूक येथेच होते. स्वीडनबॉर्ग यांच्या मते जुन्या करारातली २९ आणि नव्या करारातली केवळ ५ पुस्तके अशी आहेत की ज्यांत पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत अखंड आतला अर्थ वाहतो. जुन्या करारातून मोशेची पाच पुस्तके, यहोशवा, शास्ते, शमुवेलाची दोन, राजांची दोन, स्तोत्रसंहिता आणि यशयापासून मलाखीपर्यंतचे संदेष्टे. नव्यातून चार शुभवर्तमाने आणि प्रकटीकरण. ईयोब, नीतिसूत्रे, रूथ, इतिहासाची पुस्तके, प्रेषितांची कृत्ये आणि पौलाची पत्रे या यादीबाहेर राहतात. त्यांना ते त्याज्य म्हणत नाहीत. पत्रे उपदेशासाठी उपयोगी आहेत, पण त्यांतल्या ‘पाणी’ किंवा ‘दगड’ या शब्दांखाली अखंड आतला अर्थ शोधू नये, एवढेच. ज्या प्रॉटेस्टंट परंपरेचा कणा पौलाची पत्रे आहेत, तिला हे किती बोचले असेल ते सांगायला नको.

दुसरी पायरी: अनुरूपता म्हणजे काय ते नीट समजून घ्या

आपल्याकडे रूपक नवे नाही. एकनाथांच्या भारुडातला विंचू म्हणजे काम आणि क्रोध, हे कीर्तनाला बसलेल्या कोणालाही फोडून सांगावे लागत नाही. पण भारुडातले रूपक कवीने योजलेले असते. त्याने विंचवाऐवजी साप घेतला असता तरी काम भागले असते. स्वीडनबॉर्ग यांचा दावा याहून बराच मोठा आहे. त्यांच्या मते सृष्टीतली प्रत्येक वस्तू मनातल्या कोणत्यातरी गोष्टीशी मुळातच जोडलेली आहे, कारण ती तिच्यामुळेच अस्तित्वात आली. या नात्यासाठी त्यांनी वापरलेल्या लॅटिन शब्दाला मी मराठीत ‘अनुरूपता’ म्हणतो. उष्णता आणि प्रेम, उजेड आणि समज यांचे नाते आपण बोलतानाही गृहीत धरतो: माया ‘ऊबदार’ असते आणि डोक्यात ‘प्रकाश पडतो’. त्यांच्या दृष्टीने हा भाषेचा अलंकार नसून वस्तुस्थिती आहे, आणि बायबल याच भाषेत लिहिलेले आहे.

मूळ अर्थ लक्षात ठेवायचे तर थोडेसेच आहेत आणि ते दोन रांगांत बसतात. एका रांगेत चांगुलपणा आणि प्रेम, दुसरीत सत्य आणि समज. सोने, तेल, भाकर आणि पर्वत पहिल्या रांगेत येतात; रुपे, पाणी, द्राक्षारस आणि दगड दुसऱ्या. घोडा म्हणजे समजण्याची शक्ती, विशेषतः शास्त्र समजण्याची, म्हणून प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायातले चार घोडे हे शास्त्र कसकसे वाचले गेले याच्या चार अवस्था ठरतात: पांढरा घोडा खऱ्या समजेचा, लाल घोडा चांगुलपणा नष्ट झाल्याचा, काळा सत्य नष्ट झाल्याचा आणि फिकट घोडा दोन्ही नष्ट झाल्याचा. देशांचेही तसेच. मिसर (इजिप्त) म्हणजे इंद्रियांतून आणि अभ्यासातून मिळवलेली माहिती, अश्शूर म्हणजे तर्क, पलिष्टी म्हणजे आचरणाविना नुसत्या श्रद्धेने तरू पाहणारे, बाबेल म्हणजे धर्माच्या आडून सत्ता गाजवण्याची हाव आणि यरुशलेम म्हणजे सिद्धांताच्या अंगाने मंडळी. यावरून प्रकटीकरणातले ‘नवे यरुशलेम’ हे आकाशातून उतरणारे शहर न राहता नवी मंडळी का होते, ते उलगडते.

तिसरी पायरी: प्रत्येक शब्दाची उलटी बाजू शोधा

मी सुरुवातीला एक वही केली होती, डावीकडे शब्द आणि उजवीकडे अर्थ. ‘पाणी = सत्य’ ही तिची पहिली ओळ. ती वही घेऊन नोहाच्या प्रलयाला भिडलो, तर अर्थ असा निघाला की सगळी मानवजात सत्यात बुडून मेली. वही बाजूला ठेवावी लागली.

बहुतेक शब्दांना चांगला आणि वाईट असे दोन्ही अर्थ असतात, आणि कोणता घ्यायचा ते वाक्यातल्या क्रियेवरून ठरते, ही गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती. पाणी पाजते, धुते, वाहते तेव्हा ते सत्य. बुडवते, पूर आणते तेव्हा असत्य. म्हणून प्रलय म्हणजे खोट्या समजुतींचा लोंढा आणि तारू म्हणजे त्यातून तगणारी मंडळी. सूर्य उगवतो तेव्हा प्रभूचे प्रेम, पण माणसे त्यालाच पुजतात किंवा तो जाळतो तेव्हा तो स्वतःवरचे प्रेम. अग्नीचेही तसेच. शब्दापाशी पोहोचल्यावर आधी क्रियापद वाचावे, मग नाम. ही सवय लागली की निम्मा गोंधळ कमी होतो.

संख्यांबाबत अधिक जपावे लागते. १२ म्हणजे सत्य आणि चांगुलपणाच्या सर्व गोष्टी, आणि गुणाकाराने संख्येचा अर्थ पालटत नाही, म्हणून प्रकटीकरणातले १,४४,००० लोक मोजून घ्यायचे नाहीत. तो १२ चाच विस्तार आहे. ४० म्हणजे कसोटीचा काळ. ६ मात्र दोन तोंडांचा आकडा आहे. सातव्या दिवसाच्या विसाव्याआधीचे सहा दिवस म्हणून तो आला तर कष्ट आणि झुंज; तीन आणि दोन यांचा गुणाकार म्हणून आला तर ‘सगळे’. टीकाकार म्हणतात की अशी मोकळीक असली तर काहीही सिद्ध करता येईल, आणि या आक्षेपात तथ्य आहे, असे मला वाटते. त्याला मंडळीचे उत्तर असे की अर्थ सुट्या शब्दाला चिकटवायचा नसतो. तो ओळीमागून ओळ जुळत गेला पाहिजे. हे उत्तर तपासायचे तर पुढच्या पायरीला पर्याय नाही.

चौथी पायरी: एक पूर्ण प्रसंग घेऊन ओळीने वाचा

सुटी ओळ कधीही घेऊ नये. लहान पण पूर्ण प्रसंग घ्यावा, आणि त्यासाठी योहानाच्या दुसऱ्या अध्यायातले काना गावचे लग्न फार सोयीचे आहे. प्रकटीकरणावरच्या, हयातीत न छापलेल्या आणि अपूर्ण राहिलेल्या आपल्या मोठ्या भाष्यात स्वीडनबॉर्ग यांनी तो उलगडला आहे. कागदाच्या डाव्या बाजूला प्रसंग जसाच्या तसा उतरवावा: गालीलातल्या कानात लग्न आहे, द्राक्षारस संपतो, यहूद्यांच्या शुद्धीकरणासाठी ठेवलेले सहा दगडी रांजण येशू पाण्याने भरायला लावतो, ते पाणी द्राक्षारस होते आणि भोजनकारभारी वराला म्हणतो की सगळे जण चांगला द्राक्षारस आधी वाढतात, तू तो आतापर्यंत राखून ठेवलास.

आता उजवी बाजू. लग्न म्हणजे मंडळी, कारण चांगुलपणा आणि सत्य यांचे मीलन म्हणजेच मंडळी. गालील म्हणजे परराष्ट्रीय, अर्थात यहूदी नसलेले लोक, म्हणून ही मंडळी परराष्ट्रीयांत उभी राहणारी आहे. दगड म्हणजे सत्य, पण अगदी बाहेरचे, टणक, आज्ञेच्या रूपातले. सहा म्हणजे सगळे. शुद्धीकरण म्हणजे पापांपासून शुद्ध होणे. तेव्हा सहा दगडी रांजण म्हणजे यहूदी उपासनेतल्या त्या सगळ्या गोष्टी, ज्या बाहेरून विधी होत्या आणि आतून प्रभूकडे बोट दाखवत होत्या. पाणी म्हणजे बाहेरच्या मंडळीचे, शब्दार्थातून मिळालेले सत्य. द्राक्षारस म्हणजे आतल्या मंडळीचे सत्य. पाण्याचा द्राक्षारस झाला म्हणजे प्रभूने तेच सत्य आतून उघडून दाखवले. त्याने रांजण फोडले नाहीत किंवा पाणी ओतून टाकले नाही, हे लक्षात घ्यावे. जुन्यातूनच नवे निघाले. भोजनकारभारी म्हणजे सत्याची जाण असलेले लोक, आणि त्याचे वाक्य म्हणजे प्रत्येक मंडळी चांगुलपणातून आलेल्या सत्याने सुरू होते, हळूहळू कोरड्या सत्यावर घसरते, पण येथे शेवटी अस्सल सत्य मिळते आहे.

दोन्ही बाजू भरून झाल्या की डावी बाजू झाकावी आणि उजवीच सलग वाचावी. ती स्वतंत्र, सरळ वाक्यांत वाचता आली तर अर्थ जुळला. मध्येच एखादा शब्द उरला किंवा धागा तुटला, तर आपण कुठेतरी सुटा शब्द डकवला आहे. या प्रसंगात मला तरी सहाचा आकडा किंचित ओढूनताणून आल्यासारखा वाटतो. बाकीचा प्रसंग मात्र आश्चर्य वाटावे इतका सलग लागतो.

पाचवी पायरी: जोडशब्द आणि भाषांतर सांभाळा

इब्री (हिब्रू) काव्यात एकच गोष्ट दोनदा सांगण्याची रीत आहे आणि स्तोत्रे व यशया अशा जोड्यांनी भरलेले आहेत. स्वीडनबॉर्ग यांच्या मते ती पुनरुक्ती नव्हे: जोडीतला एक शब्द चांगुलपणाच्या रांगेतला असतो, दुसरा सत्याच्या. ‘राष्ट्रे’ आणि ‘लोक’ एकत्र आले की राष्ट्रे चांगुलपणाकडे आणि लोक सत्याकडे जातात. ‘न्याय’ आणि ‘नीती’ यांसारख्या जोड्याही अशाच फोडायच्या. पण ही फोड मुळातल्या शब्दांवर केलेली आहे, आणि भाषांतरकार वाक्य ओघवते करण्यासाठी शब्दांची अदलाबदल करतो, तेव्हा ती मोडते. म्हणून मराठी वाचकाने दोन भाषांतरे शेजारी ठेवावीत. बायबल सोसायटीची प्रत सहज मिळते. इब्री आणि ग्रीक मुळावरून पंडिता रमाबाईंनी केलेले, केडगावच्या मुक्ती मिशनमधून निघालेले भाषांतर हाताशी असेल तर त्याचा उपयोग होतो, कारण बाईंचा कल मुळाला धरून राहण्याकडे होता.

स्वीडनबॉर्ग यांचे ग्रंथ पृष्ठांकाने कधीच उद्धृत करत नाहीत, परिच्छेदाच्या क्रमांकाने करतात. उत्पत्ती आणि निर्गम यांवरच्या ‘आर्काना सेलेस्तिया’चे १७४९ ते १७५६ या काळात आठ खंड निघाले आणि त्यांत १०,८३७ क्रमांकित परिच्छेद आहेत, तेव्हा क्रमांकाशिवाय काही सापडणे अशक्यच. इंग्रजी भाषांतरे स्वीडनबॉर्ग फाउंडेशनने विनामूल्य उपलब्ध करून दिली आहेत. एकेक शब्द त्यांनी कुठे कुठे उलगडला आहे ते पाहायचे असेल, तर पॉट्स यांनी संकलित केलेली सहा खंडांची शब्दसूची वापरावी. आणि एका शब्दाखालच्या किमान चार-पाच नोंदी वाचल्याशिवाय त्याचा अर्थ आपल्या कागदावर उतरवू नये.

सहावी पायरी: शब्दार्थाकडे परत या

येथे बरेच उत्साही वाचक घसरतात. शब्दार्थ म्हणजे केवळ मेघ, मग तो कशाला हवा, असे त्यांना वाटते. स्वीडनबॉर्ग यांचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे: मंडळीचा सिद्धांत शब्दार्थातूनच काढला पाहिजे आणि त्यानेच पक्का केला पाहिजे, आणि नुसत्या अनुरूपतांच्या बळावर आतला अर्थ काढायला निघालेला माणूस तो विकृत करून बसतो. ‘चोरी करू नको’ याला आतला अर्थ असला तरी त्याचा पहिला अर्थ चोरी न करणे हाच. उत्पत्तीच्या सुरुवातीच्या अकरा अध्यायांना मात्र ते इतिहास मानत नाहीत. सृष्टीचे सहा दिवस म्हणजे माणूस आतून नवा होण्याच्या सहा अवस्था, आदाम म्हणजे एक व्यक्ती नसून सर्वात प्राचीन मंडळी आणि नोहा म्हणजे तिच्यानंतरची प्राचीन मंडळी. अब्राहामापासून पुढे मात्र घटना घडल्या, आणि त्यांना आतला अर्थही आहे.

टिपणे काढताना शेवटची एक शिस्त पाळावी. प्रत्येक ओळीपुढे ते कोणाचे म्हणणे आहे याची खूण करावी: बायबलच्या मजकुरापुढे ‘ब’, स्वीडनबॉर्ग यांनी दिलेल्या अर्थापुढे ‘स्व’ आणि परिच्छेदाचा क्रमांक, आणि आपण स्वतः जुळवलेल्या अर्थापुढे प्रश्नचिन्ह. इजिप्तच्या चित्रलिपीतही याच अनुरूपता दडल्या आहेत, असा स्वीडनबॉर्ग यांचा विश्वास होता. १८२२ साली फ्रेंच विद्वान शाँपोलियाँने ती लिपी उलगडली तेव्हा तिच्यातली कितीतरी चित्रे नुसती ध्वनीची चिन्हे निघाली. काना गावच्या त्या कागदावर माझ्या सहाच्या आकड्यापुढे ‘स्व’ आहे, आणि त्याच्या शेजारी पेन्सिलीने काढलेले प्रश्नचिन्ह अजून तसेच आहे.