छोटा कुत्रा घरी आणताय? या चुका टाळा

ठाण्यात घोडबंदर रोडला आम्ही राहत्या घरातच लहान कुत्र्यांचं बोर्डिंग चालवतो. माणसं गावाला, लग्नाला, परदेशी मुलांकडे गेली की त्यांचे शिह त्झू, पग, पॉम, लासा आमच्याकडे राहतात. त्यातल्या काहींना परत न्यायला कुणी येतच नाही. आधी फोन उचलणं बंद होतं, मग मेसेज येतो, "ताई, तुम्हीच ठेवाल का कायमचं? आम्हाला नाही जमत." अशा वेळी खोदून विचारलं की कुत्र्यात खोट निघत नाही. जात आधी ठरलेली असते आणि घराचा विचार नंतर झालेला असतो. त्याच त्याच चुका बघून जीव मेटाकुटीला आलाय, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

दीड महिन्याचं पिल्लू उचलणं

"पंचेचाळीस दिवसांचं आहे, एकदम ॲक्टिव्ह!" हे वाक्य विकणाऱ्यांच्या तोंडात बसलंय. कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे केंद्र सरकारचे नियम २०१७ साली आले. त्यात आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला मनाई आहे. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. म्हणजे तो माणूस स्वतःच्या तोंडाने सांगतोय की मी नियम मोडतोय, आणि आपण त्याच्याकडे अजून फोटो मागतो. बरं, ते ४५ तरी खरे असतात का? माझ्या हातात आलेली कितीतरी पिल्लं जेमतेम महिन्याची होती.

मागे एका पावसाळ्यात कासारवडवलीच्या एका घरात मुलीच्या वाढदिवसाला "टॉय पॉम" आणायचं ठरलं. ऑनलाइन फोटो पाहिला, ॲडव्हान्स भरला, आणि माजिवड्याच्या पुलाखाली एका गाडीतून पिल्लू हातात मिळालं, बुटांच्या खोक्यात. "आई कुठाय?" असं विचारल्यावर "गावाला आहे" हे उत्तर. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी त्या घरातल्या वहिनींचा मला फोन आला, "ताई, दूध दिलं ते ओकलं, बिस्किटालाही तोंड लावत नाही. झोप येत असेल का त्याला?"

मी लगेच गेले. पिल्लू बाथरूमच्या उंबऱ्याला गार फरशीवर पोट टेकून पडलं होतं. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहिली, इतकं पाणी अंगातून गेलेलं. हिरड्या पांढऱ्याफटक. आणि खोलीत तो वास होता. पार्व्हो या विषाणूच्या आजारातल्या रक्ताळ जुलाबांचा वास एकदा घेतला की माणूस विसरत नाही. मी तोंड उघडून पाहिलं तर मागच्या दाढा अजून फुटायच्याच होत्या. लसीचं कार्ड मागितलं. त्यावर बॉलपेनने "फर्स्ट डोस डन" एवढंच. बाटलीवरचं स्टिकर नाही, डॉक्टरांची सही नाही, शिक्का नाही.

सलाइन लावायला डॉक्टरांना शीर सापडेना, इतका तो पाय बारीक. दोन रात्री काढल्या त्याने, नंतर गेला. पार्व्होची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात, म्हणजे पिल्लू घरी आलं तेच आजार घेऊन. विकणाऱ्याला कळवलं तर तो म्हणाला, "रिप्लेसमेंट देतो." एका जिवाबद्दल हा शब्द वापरला त्याने, आणि मुलगी जेवत नाही म्हणून घरचे तयारही झाले होते. मी हात जोडून थांबवलं. हा विषाणू घरात कित्येक महिने तग धरतो, नेहमीच्या फिनाइलला दाद देत नाही, त्याला ब्लीचच लागतं. लगेच दुसरं पिल्लू आणलं असतं तर तेही गेलं असतं. त्यांनी सहा-सात महिने दम धरला आणि मग सगळ्या लसी झालेली मोठी कुत्री दत्तक घेतली.

यावरची माझी सवय साधी आहे. पिल्लाची आई तिथेच, डोळ्यांसमोर बघायची. तिची सडं ओघळलेली आहेत का, ती पिल्लांजवळ येऊन उभी राहते का, परक्या माणसाला घाबरते का, हे बघायचं. आई भित्री असेल तर पिल्लूही तसंच निघण्याची शक्यता मोठी. मग पिल्लाचं तोंड उघडायचं. आठ आठवड्यांपर्यंत साधारणपणे दुधाचे सगळे २८ दात आलेले असतात. काही छोट्या जातींत थोडा उशीर होतो, पण तोंड मागून सपाट असेल तर सरळ घरी यायचं. कार्डावर लसीच्या बाटलीचं स्टिकर हवं, बॅच नंबर हवा. आणि त्या दिवशी पैसे द्यायचेच नाहीत. "दुसरं गिऱ्हाईक लाइनीत आहे" असं ऐकवतात. असू दे. घाई त्यांना आहे, तुम्हाला नाही.

लसींचंही तसंच. सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे होईपर्यंत डोस द्यायचे असतात, रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीला लसीलाच निष्प्रभ करते आणि ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं, म्हणून डोस पुन्हा पुन्हा. "एक झाला ना, पुरे" म्हणणाऱ्यांनी कृपया पिल्लू आणू नये. सगळे डोस होईपर्यंत पिल्लाला सोसायटीच्या बागेत जमिनीवर सोडू नका, पण कडेवर घेऊन रिक्षा, लिफ्ट, वॉचमन, शाळेची मुलं सगळं दाखवा. याच वयात जग ओळखीचं होतं.

आणि "टीकप" नावाची कुठलीही जात नाही. असतात ती अशक्त, मुद्दाम खुजी काढलेली पिल्लं. काही तास उपाशी राहिली तरी रक्तातली साखर उतरून कोसळतात. "टॉय पॉम" म्हणून आपल्याकडे खपतो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ. खरा पॉमेरेनियन दोन ते साडेतीन किलोच्या आसपास, स्पिट्झ पाच-सात किलोचा आणि त्याहून मोठाही. स्पिट्झ वाईट नाही हं, आपल्या हवेत चांगला रुळलेला आहे. भुंकतो मात्र भरपूर.

रिकामं घर

नेरुळ, खारघर, सानपाडा, इकडून हा फोन ठरलेला. दोघंही आठच्या आत हार्बर लोकल पकडतात, परतायला रात्रीचे साडेआठ. "छोटाच आहे, राहील एकटा." नाही राहत. छोट्या कुत्र्याला मोठ्यापेक्षा कमी सोबत लागते हे कुठून आलं मला कळत नाही. पग, माल्टीज, शिह त्झू पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या मांडीवर राहण्यासाठीच वाढवलेले. त्यांना बारा तास कोंडलं की ते दार खरवडतात, स्वतःचे पंजे चाटून जखमा करून घेतात. लासा आप्सो तिबेटच्या मठांत आत राहून चाहूल लागली की इशारा देणारा. तुमच्या मजल्यावर लिफ्ट थांबली की तो भुंकणारच, ते त्याचं काम आहे. डॅक्सहुंड बिळात घुसून बॅजर नावाच्या प्राण्याची शिकार करायला तयार केलेला, म्हणून सोफ्याची उशी उकरतो. बीगल तर वासावर ससे शोधणारा, टोळीत राहणारा कुत्रा. फ्लॅटमध्ये एकटा ठेवला की त्याचं हेल काढून रडणं खालच्या तीन मजल्यांना ऐकू जातं.

माझ्याकडे कुणी सल्ला विचारायला आलं की मी जातीचं नाव काढू देत नाही. कागद देते आणि सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत कोण कधी घरात असतं ते लिहायला लावते. सलग चार-पाच तासांहून जास्त घर रिकामं असेल तर पिल्लू नको, एवढं स्पष्ट सांगते. "मग दोन घेऊ, एकमेकांना सोबत" हा उपाय तर नकोच; एकटेपणाने रडणारे दोन होतात. आजी-आजोबा घरी असतील तर उत्तम, पण खाली न्यायला कोण जाणार हे त्यांना विचारलंय का? गुडघे दुखणाऱ्या माणसाला दिवसातून तीन वेळा खाली उतरायला लावणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

चपटं नाक आणि ठाण्याचा मे महिना

२००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग आला आणि घरोघरी पग झाले. विकणारे "पंच फेस" म्हणून नाक जितकं आत तितके पैसे जास्त घेतात. कुत्रा अंग गार ठेवतो तो मुख्यतः धापा टाकून, जिभेवरची आणि घशातली ओल हवेत उडवून. आपल्याकडे हवेतच इतका दमटपणा की ती ओल उडता उडत नाही. त्यात चपट्या नाकाची अरुंद श्वासनलिका. मे महिन्यात अकरा वाजता पगला फिरवणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. घ्यायचाच तर नाकपुड्या उघड्या असलेला, झोपेत न घोरणारा घ्या, आणि फिरवणं सकाळी साडेसहाच्या आत.

बाकीच्या चुका, थोडक्यात

"केस गळत नाहीत म्हणजे ॲलर्जी नाही" हे खोटं आहे. ॲलर्जी लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे होते. घेण्याआधी त्याच कुत्र्यासोबत दोन-तीन वेळा तासभर बसा.

शिह त्झूचे केस वाढतच राहतात. रोज विंचरणार नसाल तर बारीक कापून ठेवा. कानामागे आणि काखेत गाठी झाल्या की कातडी ओढली जाते, त्याला चालताना दुखतं.

छोट्या जातींची श्वासनलिका नाजूक असते. गळपट्टा फक्त नावाच्या बिल्ल्यापुरता, दोरी हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला.

पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर तीन किलोचा कुत्रा नको. हातातून पडला की पाय मोडतो.

दूध-बिस्किट हे जेवण नाही. मनुका, चॉकलेट, कांदा-लसूण अजिबात नाही.

येऊरच्या जंगलाच्या कडेच्या सोसायट्यांत संध्याकाळी दोरी सोडू नका. बिबट्याचा वावर आहे.

पावसात तुंबलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळतं. त्यातून होणाऱ्या लेप्टो या आजाराची लस डॉक्टरांना विचारून घ्या.

"सोसायटी परवानगी देईल का?" सोसायटीला कुत्रा पाळण्यावर किंवा त्याला लिफ्टमधून नेण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, पशु कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना तसं सांगतात. पण घाण उचलायची पिशवी खिशात हवी आणि महापालिकेचा परवाना काढलेला हवा. भांडायला जाताना आपली बाजू स्वच्छ असावी.

कुत्रा आलाय आणि बिघडलंय

घरात मुततोय? मारू नका, नाक तर त्यात मुळीच घासू नका. उठल्यावर, जेवल्यावर, खेळून झाल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्या आणि झाल्याबरोबर तिथेच शाबासकी द्या. एकटं राहता येत नाही? दाराबाहेर अर्धा मिनिट उभं राहून परत या, मग दोन मिनिटं, मग पाच. आठवडे जातात याला. "ट्रेनर एका रविवारी करून देईल का?" असं विचारणाऱ्यांना मी नाही म्हणते, कारण रविवारी ट्रेनर असतो, सोमवारी कुणीच नसतं.

आणि पिल्लूच का हवं, हेही एकदा स्वतःला विचारा. चार-पाच वर्षांचा छोटा कुत्रा कसा आहे ते समोर दिसतं, आणि हे कुत्रे बारा-पंधरा वर्षं जगतात, म्हणजे पुढे भरपूर साथ आहे. असा कुत्रा बघायला गेलात तर त्याच्या सध्याच्या माणसाला विचारा: दुपारी एकटा कसा राहतो, नखं कापू देतो का, औषध कुठलं चालू आहे, आणि घरात लहान मूल आलं की काय करतो. मग त्याला घेऊन जिन्याने एक मजला चढा आणि त्याचा श्वास ऐका.